चुन्याच्या भिंतींचं घर

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळलं, त्यात माझ्या मैत्रिणीच्या दिवेआगरच्या सासरघराची समुद्राकडची कौलं सगळी उडाली. आढं वाकलं. वाडीतल्या पोफळी एकीवर एक आडव्या झाल्या. तो पावसाळा घरानं ताडपत्रीखाली काढला. वादळानंतर किनाऱ्यावर कितीतरी घरांवर पत्रे आले, कुणी जुनं पाडून स्लॅब टाकला. मैत्रिणीनं आणि तिच्या नवऱ्यानं मात्र होतं तेच घर पुन्हा उभं करायचं ठरवलं. प्रजासत्ताक दिनाला जोडून आलेल्या सुट्टीत आम्ही पुण्याहून ताम्हिणी, माणगाव, म्हसळा करत तिथे पोचलो, तेव्हा मी ते पुरं झालेलं प्रथमच पाहिलं.

मैत्रिणीच्या नवऱ्यानं चहाच्या आधी मला भिंतीशी नेलं. घर जांभ्याचं. जांभ्याचा चिरा सच्छिद्र असतो. पावसात पाणी पितो, उन्हात सोडतो. मागच्या पिढीनं टिकाऊ म्हणून या भिंतींना सिमेंटचा गिलावा केला आणि आत शिरलेल्या ओलीला बाहेर पडायची वाटच बंद झाली. भिंतींना लोणा लागला, गिलाव्याचे पापुद्रे सुटले, भिंतीत टेकलेल्या तुळयांची टोकं कुजली. वादळानं फक्त छप्पर नेलं; घर पोखरणं कितीतरी आधीच सुरू झालं होतं.

मग सगळा गिलावा छिन्नीनं उतरवला आणि उन्हाळाभर भिंती उघड्या वाळू दिल्या. चुनकळी पाण्यात विरवून मुरत ठेवली. त्यात वाळू, विटांची सुरखी, गुळाचं पाणी, बेलफळाचा गर. पण हे काम येणारा गवंडी मिळेना. अखेर एक म्हातारे काका भेटले. ते चुना दोन बोटांत चोळून बघायचे आणि म्हणायचे, "अजून मुरूं दे." त्यांचं प्रमाण कुठे लिहिलेलं नव्हतं, सगळं त्या बोटांत होतं. त्यांच्या हाताखाली गावातली दोन पोरं तयार झाली, हे मला त्या घराइतकंच मोलाचं वाटतं. हात लावला तर भिंत कोरडी आणि गार लागत होती.

छपराचं लाकूड वाडीतूनच मिळालं. वादळात पडलेला फणस कापून, सावलीत वाळवून त्याचे वासे केले. शाबूत राहिलेली जुनी मंगलोरी कौलं घासून मागच्या पडवीवर चढवली. माळ्यावर एक फुटकं कौल जपून ठेवलंय, त्याच्या पाठीवर कारखान्याचा छाप अजून वाचता येतो. 1865 साली बासेल मिशननं मंगळुरात कौलांचा कारखाना काढला. पुढे तिकडची कौलं गलबतांतून कोकणच्या बंदरांना लागू लागली आणि गवती छपरांच्या जागी ती आली. आज जे कौलारू घर आपण अस्सल कोकणी मानतो, त्याचं रूप असं समुद्रमार्गे आलेलं आहे.

सगळ्यात अवघड काम मात्र कागदाचं होतं. घर चुलत भावंडांचं सामाईक. कुणी डोंबिवलीला, कुणी बडोद्याला, एक जण परदेशी. एकेकाची संमती मिळवता मिळवता पहिलं वर्ष सरलं. कोकणातली घरं वादळापेक्षा या अडलेल्या सह्यांपायी जास्त पडतात, हे माझं ठाम मत आहे.

मैत्रिणीच्या सासूबाईंनी, आमच्या काकूंनी, एकच अट घातली होती: संडास घरात हवा. रात्री-अपरात्री परसात जाणं त्यांना आता झेपत नाही. माजघराला लागून तो बांधला, तेव्हा जुनेपणाला धक्का लागला असं काही पाहुणे म्हणाले. मला ते मुळीच पटत नाही. ज्या घरात म्हाताऱ्या माणसाला सुखानं राहता येत नाही, ते राखून करायचं काय?

रात्री वालाच्या शेंगांची पोपटी लावली, गप्पा लांबल्या. मी ओटीवर अंथरूण घालत होते, तर काकूंनी हटकलं, "अगो, थंडी बाधेल. माजघरात ये." त्यांचं खरं होतं. जाड चिऱ्यांनी दिवसभराची ऊब धरून ठेवली होती. पहाटे उठून वाडीत गेले, तर नव्या पोफळी जेमतेम डोक्याएवढ्या झाल्या होत्या. सुपारी धरायला अजून काही वर्षं जातील.

तुमच्या गावी असं बंद घर असेल, तर पाडायचा निर्णय घेण्याआधी एवढं करा. गावातल्या जुन्या सुताराला एकदा आढ्यापर्यंत चढवा, चुन्याचं काम जाणणाऱ्या गवंड्याला भिंती दाखवा, आणि भावंडांच्या सह्यांचं काम आजच हाती घ्या. हे कारागीर थकत चालले आहेत.