दुसऱ्या फवारणीचा बग

एकच स्क्रीन दोनदा लिहायचा कंटाळा, एवढंच आमच्या फ्रेमवर्कमागचं मूळ कारण. पुढे लोकांना सांगताना मी त्याला बरेच भारी शब्द लावले, पण 2013 साली कोथरूडच्या एका टू-बीएचकेत आम्ही तिघं बसायचो तेव्हा तक्रार इतकीच होती. निफाडकडच्या एका द्राक्षबागायतदाराचं काम घेतलं होतं. निर्यातीची द्राक्षं म्हटली की रेसिड्यूची, म्हणजे फळात उरलेल्या औषधाच्या अंशाची, तपासणी आली, आणि तपासणी म्हटली की कुठल्या प्लॉटवर कुठली फवारणी कधी झाली याची नोंद आली. ही नोंद वहीऐवजी फोनवर व्हावी आणि सोबत पानांचा, घडांचा फोटो असावा, असं त्यांचं मागणं. बागेतल्या माणसांकडे अँड्रॉइड, मालकांकडे आयफोन. म्हणजे एक अ‍ॅप एक्लिप्स उघडून जावात, आणि तेच अ‍ॅप पुन्हा एक्सकोड उघडून ऑब्जेक्टिव्ह-सीमध्ये. मालक म्हणाले, "तारीख जरा वर घ्या," की दोन माणसं दोन ठिकाणी तारीख वर घेणार, आणि एकाची तारीख दुसऱ्याच्या तारखेपेक्षा हमखास जास्त वर जाणार.

तयार साधनं नव्हती असं नाही. फोनगॅप होतं, टायटॅनियम होतं, झॅमरिन होतं. फोनगॅपमध्ये अ‍ॅपच्या पोटात ब्राउझर असतो आणि आपली स्क्रीन म्हणजे त्यातलं वेब पान. ते करून पाहिलं. पण बागेतल्या माणसाच्या स्वस्त फोनवर चारशे नोंदींची यादी अडखळत सरकायची. शिवाय त्या काळी मोबाइल ब्राउझर बोट टेकल्यावर सुमारे 300 मिलिसेकंद थांबत असे, कारण लगेच दुसऱ्यांदा बोट टेकलं तर माणसाला झूम करायचंय असं त्याला समजायचं असे. तेवढ्यात आमचा माणूस "दबलं नाही वाटतं" म्हणून पुन्हा बटण दाबायचा. एका फवारणीच्या दोन नोंदी. उरलेली दोन साधनं आम्ही नीट वापरून न बघताच बाजूला ठेवली आणि त्याला अभ्यास म्हटलं. खरं म्हणजे आपलं स्वतःचं काहीतरी करायची खुमखुमी होती.

आमचा बेत असा होता. वापरणाऱ्याने जावास्क्रिप्टमध्ये एकदाच लिहायचं, की इथे यादी, इथे बटण. आमच्या फ्रेमवर्कने ते वाचून आयफोनवर आयफोनचं स्वतःचं बटण मांडायचं आणि अँड्रॉइडवर अँड्रॉइडचं. आयफोनची बाजू नशिबाने सोपी झाली. सप्टेंबर 2013 मध्ये आयओएस 7 आलं आणि त्याबरोबर जावास्क्रिप्टकोर हे इंजिन सगळ्या डेव्हलपरांना खुलं झालं. अँड्रॉइडवर असं काही आयतं मिळत नव्हतं. तिथे आम्ही मोझिलाचं ऱ्हायनो घेतलं, जे अख्खं जावातच लिहिलेलं आहे. संगणकावर ऱ्हायनो जावास्क्रिप्टचं जावाच्या बाइटकोडमध्ये रूपांतर करतं, म्हणून तिथे वेग मिळतो. अँड्रॉइडवर प्रोग्रॅम चालवणाऱ्या डॅल्विकला तो बाइटकोड चालत नसे, म्हणून रूपांतर बंद ठेवून नुसतं वाचत-वाचत चालवावं लागे. फोनवर तो गेंडा चिखलात रुतल्यासारखा चालला. चार महिन्यांनी त्याला रजा दिली आणि व्ही-8 हे इंजिन बसवलं. वेग आला. अ‍ॅपचं वजनही वाढलं, कारण व्ही-8 प्रत्येक जातीच्या प्रोसेसरसाठी वेगळं बांधून सोबत न्यावं लागतं. आम्ही दोन जातींसाठी बांधलं, 32 बिटी एआरएम आणि एक्स-86. तिसऱ्या जातीचा, 64 बिटी एआरएमचा विचार "नंतर बघू"च्या यादीत टाकला.

मग ब्रिज. जावास्क्रिप्ट एका थ्रेडवर, खरी बटणं दुसऱ्या थ्रेडवर आणि मध्ये निरोपांची ये-जा. फोनचा पडदा तेव्हा सेकंदाला 60 वेळा नव्याने रंगायचा, म्हणजे एका खेपेला जेमतेम 16 मिलिसेकंद. आमच्या यादीची एक ओळ मांडायला दहाबारा निरोप लागत: मजकूर हा, रंग हा, उंची ही. प्रत्येक निरोप सुटा जाई आणि यादी फोनगॅपपेक्षाही हळू सरके. हे मोजून पाहिल्यावर आम्ही तिघं बराच वेळ एकमेकांकडे बघत नव्हतो. उपाय खालच्या अमृततुल्यवाल्याच्या पोऱ्याने रोज डोळ्यांसमोर करून दाखवलेला होता. तो चार मजले एकेक ग्लास घेऊन चढत नसे, तारेच्या स्टँडमध्ये सगळे ग्लास एकदम आणी. आम्ही निरोप साठवून एका खेपेत पाठवायला लागलो. त्या एका बदलाने यादी चालती झाली.

नोव्हेंबर 2014. गोडी छाटणी होऊन बागा फुटलेल्या, फवारण्या जोरात, आणि आमच्या फ्रेमवर्कवर बांधलेलं अ‍ॅप पहिल्यांदाच खऱ्या हंगामात उतरलेलं. निफाडहून फोन आला.

"सर, पहिल्या फवारणीचा फोटो दिसतो, चौथ्या फवारणीचा दिसतो. मधले दोन गेले कुठं?"

अँड्रॉइडवर चारही दिसत होते. मालकांच्या आयफोनवर दुसरा आणि तिसरा नाही. आम्ही आधी नेटवर्कवर संशय घेतला, मग फोनच्या जागेवर, मग बागेतल्या माणसावर. फाइली आयफोनवर पोचल्याच नसतील म्हणावं, तर फोल्डरमध्ये त्या होत्या. नाव दिसतंय, फाइल आहे, आणि आमचा कोड म्हणतोय, या नावाची फाइल नाही. तीन दिवस गेले. आम्ही चाचणीसाठी नवे फोटो काढून नावं देत होतो "टेस्ट वन", "टेस्ट टू", आणि ते सगळे दिसत होते.

तिसऱ्या रात्री माझ्या सहकाऱ्याने कंटाळून मूळ नावंच टाइप केली. "पहिल्या फवारणीनंतर". "दुसऱ्या फवारणीनंतर". "तिसऱ्या फवारणीनंतर". "चौथ्या फवारणीनंतर". आणि म्हणाला, "अरे, हा ऱ्या आहे."

युनिकोडमध्ये आपला ऱ दोन प्रकारे लिहिता येतो. त्याला स्वतःचा एक क्रमांक आहे, आणि साध्या र खाली नुक्ता देऊनही तोच ऱ तयार होतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच. अँड्रॉइडची फाइल सिस्टीम नाव जसं दिलं तसं ठेवते. आयफोनवर तेव्हा एचएफएस प्लस होती, आणि ती अशी अक्षरं सुटी करून ठेवायची. आम्ही दिला अखंड ऱ, तिने परत दिला र आणि नुक्ता. आमचं जावास्क्रिप्ट दोन नावं अक्षरामागे अक्षर ताडून बघत होतं आणि त्याच्या लेखी ती वेगळी होती. पहिल्या आणि चौथ्यात ऱ नाही, म्हणून ती सुखरूप. दोन नावं एका रूपात आणणारं फंक्शन जावास्क्रिप्टच्या नव्या मानकात येऊ घातलं होतं, पण त्या वेळच्या आयफोनच्या इंजिनात नव्हतं. म्हणून ते काम आम्ही खालच्या ऑब्जेक्टिव्ह-सीच्या थरात केलं. बदल एका ओळीचा. त्याच्या शेजारी चाचणीत "दुसऱ्या" हा शब्द कायमचा घातला.

मला आजही वाटतं की आमच्या फ्रेमवर्कमधली सगळ्यात कामाची ओळ तीच होती. दोन फोन सारखे दिसावेत म्हणून आम्ही वर्षभर बटणांच्या कडा आणि सावल्या जुळवत बसलो होतो, आणि फरक निघाला तो न दिसणाऱ्या जागी. खरं तर फाइलीला माणसाने दिलेलं नाव द्यायलाच नको होतं, आकडा द्यायला हवा होता. हे मला आता कुणीही सांगतं.

फेब्रुवारी 2015 मध्ये आम्ही सगळा कोड एमआयटी लायसन्सखाली गिटहबवर ठेवला. ब्रिजबद्दल, थ्रेडबद्दल लोक काय विचारतील याची मी उत्तरं तयार ठेवली होती. पहिला प्रश्न आला तो असा की विंडोजवर इन्स्टॉलच होत नाही. त्या माणसाच्या फोल्डरच्या नावात मोकळी जागा होती, आडनाव आणि नाव यांच्यामध्ये असते तेवढी, आणि आमची बिल्ड स्क्रिप्ट तिथेच नाव संपलं असं समजत होती. आमच्या तिघांच्याही मशीनवर युजरचं नाव एका शब्दाचं, त्यामुळे दीड वर्षात हे कधी दिसलंच नाही. त्यानंतरचे कित्येक प्रश्न याच जातीचे. कुणाची जावाची आवृत्ती वेगळी, कुणाचं सर्टिफिकेट संपलेलं, कुणाला प्रोव्हिजनिंग प्रोफाइल म्हणजे काय तेच कळत नाही. कोड लिहिणं या कामाचा लहान हिस्सा निघाला. माहितीपानं लिहिणं हे मी तोवर कमीपणाचं काम समजत होतो. त्या वर्षी मी कोडपेक्षा माहितीपानंच जास्त लिहिली.

मार्चमध्ये फेसबुकने रिअ‍ॅक्ट नेटिव्ह खुलं केलं. कल्पना बरीचशी तीच: जावास्क्रिप्ट, ब्रिज, खरी बटणं. सुरुवातीला ते फक्त आयफोनसाठी होतं, आणि आमचं दोन्हीकडे चालतं या आधारावर आम्ही सहा महिने काढले. सप्टेंबरमध्ये त्यांचं अँड्रॉइडही आलं. त्यांच्या कोडमधला निरोप साठवून पाठवण्याचा भाग मी वाचला. चांगला होता.

त्याच सप्टेंबरची 16 तारीख, हरतालिका. घरी दुसऱ्या दिवशीच्या गणपतीची आरास चाललेली. रात्री साडेदहाला आयओएस 9 आलं आणि पहाटेपर्यंत आमच्या इनबॉक्समध्ये एकच तक्रार वेगवेगळ्या देशांतून: नवीन एक्सकोडने बांधलेलं अ‍ॅप जुन्या फोनवर नीट, नव्यावर सर्व्हरशी बोलतच नाही. अ‍ॅपलने साध्या एचटीटीपीला मज्जाव केला होता. हे जूनमध्येच जाहीर झालेलं होतं. मी वाचलंही होतं, आणि "आपल्या लोकांचे सर्व्हर एचटीटीपीएसवर असतील" असं गृहीत धरलं होतं. निम्म्यांचे नव्हते. सर्टिफिकेटला तेव्हा बहुतेकांना दरवर्षी पैसे मोजावे लागत. मी सोवळ्यात पूजा उरकली आणि दुपारी नवी आवृत्ती सोडली. त्यात मज्जाव सरसकट उठवणारी ओळ सगळ्या नव्या अ‍ॅपांत आपोआप जाईल अशी सोय केली होती. तक्रारी थांबल्या. लोकांनी आभार मानले. ज्यांना मी ओळखत नाही अशांच्या अ‍ॅपांचं कुलूप मी त्यांना न विचारता काढून ठेवलं होतं. डिसेंबरमध्ये लेट्स एन्क्रिप्टची फुकट सर्टिफिकेटं सगळ्यांना मिळू लागली, तेव्हा ती ओळ काढली. तोवर किती अ‍ॅपं तशीच स्टोअरवर गेली ते मोजायची सोय आमच्याकडे नव्हती.

पुढची तीन-चार वर्षं थोडक्यात सांगतो, कारण ती तशीच गेली. श्रावणाच्या आगेमागे नवं अँड्रॉइड, गणपती आले की नवं आयओएस, आणि मध्ये परवानग्यांचे नियम बदललेले. तिघांपैकी एक जण बंगळुरूला गेला, एक अमेरिकेला. 1 ऑगस्ट 2019 पासून गूगल प्लेवर नव्या अ‍ॅपांना आणि सुधारणांना 64 बिटी बांधणी सक्तीची झाली, आणि "नंतर बघू"च्या यादीतला तिसरा प्रोसेसर समोर उभा राहिला. त्यासाठी नवं व्ही-8 हवं होतं, नव्या व्ही-8ला नवा ब्रिज, आणि ब्रिज लिहिणारा सिअ‍ॅटलमध्ये. मी शेवटचं पान लिहिलं, की हे आता थांबतंय, रिअ‍ॅक्ट नेटिव्ह किंवा फ्लटरकडे असं-असं जा. बहुतेक जण गेले.

निफाडचे मालक नाही गेले. "या हंगामानंतर बघू, सर," असं ते दोन हंगाम म्हणाले. 2021च्या ऑक्टोबरात त्यांचा फोन आला. बागेतल्या माणसाला नवा फोन घेतलाय आणि प्ले स्टोअरवर अ‍ॅप सापडतच नाही. सापडणार नव्हतंच. ऑगस्टपासून 64 बिटी फोनांना नुसती 32 बिटी अ‍ॅपं दाखवणं बंद झालं होतं. मी म्हटलं, आता खरंच नव्याने लिहून घ्या. ते म्हणाले, "घेऊ की. पण छाटणी झालीये, उद्यापासून फवारणी."

मी एपीकेची फाइल आणि एक केबल घेऊन सकाळी निघालो. माणसाने नवा फोन माझ्या हातात दिला आणि विचारलं, "साहेब, जुने फोटो येतील ना यात?"