भिंतीचा तळ

आठवीत एक मास्तर हजेरी झाली की म्हणायचा, "स्कॉलरशिपवाले उभे ऱ्हा." आम्ही चार पोरं उभी. बाकीचा वर्ग हसायचा. मग मी शाळेऐवजी भंडारदऱ्याच्या धरणावर जाऊन बसायला लागलो. आय म्हणायची, पोराचं मनच लागत नाय. मनाचा काय दोष?

नववीत विज्ञानाला नव्या बाई आल्या. त्यांनी विचारलं, "१९२६ साली पुरी झालेली ही आपली धरणाची भिंत तळाला जाड का?" कुणी बोलंना. मी तर रोजचा बघणारा. म्हटलं, "तळाला पाण्याचा दाब जास्त." बाई म्हणाल्या, "ये, फळ्यावर काढून दाखव." त्या दिवसापासनं मी एकदाही शाळा चुकवली नाय. वर्षात बाईंची बदली झाली. दहावीच्या आधी मी सूतगिरणीत.

७ नोव्हेंबर १९०० ला भीमराव साताऱ्याच्या हायस्कुलात दाखल झाले. बसायला वेगळं गोणपाट, तेही संध्याकाळी घरी न्यायचं. शिपाई नसला तर पाणी नाही. पण साताऱ्यातच आंबेडकर नावाचे गुरुजी आपल्यातली भाजीभाकरी त्यांना द्यायचे. त्या भाकरीची गोडी बाबासाहेब कधी विसरले नाहीत.

आमच्या पोरांना शिकायची आवड नाही, असं म्हणणाऱ्यांनी आधी त्या पोरांना विचारावं, मास्तर तुमच्याकडं कसा बघतो? आवड पोराची असते. ती जगवायची का मारायची, ते मास्तरच्या नजरेत असतं. दाब तळालाच जास्त. म्हणून आधारही तळालाच जाड पाहिजे.

आता रातपाळी सुटली की मी वाचत बसतो. बाईंना हे कळवायचं राहून गेलं.