एकतर काकू, नाहीतर फणस

माणसाचा डोळा हा फार समजूतदार अवयव आहे. काळोख्या माजघरात बसून त्याला कोपऱ्यातलं घंगाळही दिसतं आणि खिडकीबाहेर रणरणत्या उन्हात वाळत घातलेली आमसुलंही दिसतात. आत पाहिलं की बाहुली मोठी, बाहेर पाहिलं की बारीक. आणि दोन्ही जोडून एकच चित्र दाखवायचं काम मेंदू बिनबोभाट करतो. कॅमेऱ्याला हा पोच नाही. तो एका वेळी एकाच पक्षाचा. आतलं दाखव म्हटलं की खिडकी पांढरीफटक, बाहेरचं दाखव म्हटलं की आत डांबर!

माझा कॅमेरा तर साबणाच्या वडीएवढा. लोक तो पाहून विचारतात, "अजून चालतो?" हल्ली माझ्याकडे पाहूनही तेच विचारतात.

कोकणातलं आमचं घर विकायचं ठरलं, तेव्हा काकूचा तिथला एक फोटो हवा, असं सर्वानुमते ठरलं. तो मी काढायचा, हेही सर्वानुमतेच. लग्न होऊन आल्यापासून साठ वर्षं काकू माजघराच्या खिडकीशी बसून तांदूळ निवडत आलेली. तेव्हा फोटोत काकू हवी आणि परसातला फणसही हवा. कॅमेरा म्हणाला, एकतर काकू, नाहीतर फणस.

हे दुखणं जुनं आहे. १८५६-५७ च्या सुमारास गुस्ताव ल ग्रे नावाच्या फ्रेंच गृहस्थाला समुद्राचे फोटो काढताना हेच नडलं. समुद्र नीट आला की आकाश कोरं. पठ्ठ्याने आकाशाची काच वेगळी घेतली, समुद्राची वेगळी, आणि छापताना दोन्ही क्षितिजाशी सांधली. त्याच युक्तीच्या आजच्या अवताराला एचडीआर म्हणतात.

"बाबा, मोबाइल हे आपोआप करतो," मुलगा म्हणाला. करतो, हे खरं. पण मुलाच्या हातून मोबाइल सुटत नाही, हेही खरं.

साध्या कॅमेऱ्यालाही अधिक-उण्याचं एक बटण असतं. उणे दोनवर चौथाई उजेड, अधिक दोनवर चौपट. उणे दोनला फणस मिळतो, अधिक दोनला काकू, आणि शून्याला दोघांची तोंडओळख. तीनही फोटोंत कॅमेरा केसभर हलता कामा नये. म्हणून फ्लॅश बंद केला, ट्रायपॉडऐवजी पिठाच्या डब्यावर मूगडाळीची पिशवी ठेवली, तिच्यात कॅमेरा रुतवला आणि दोन सेकंदांचा टायमर लावला. बटण दाबणारा हातही थरथरतो, म्हणून हा टायमर.

"काकू, आता अजिबात हलायचं नाही हं."

"मेल्या, हलू नको म्हणतोस, मग तांदूळ काय तुझी बायको निवडणार?"

सौभाग्यवती तत्काळ स्वयंपाकघरात गेली.

ते तीन फोटो संगणकावर एनफ्यूज नावाच्या फुकटातल्या प्रोग्रॅमला दिले. प्रत्येकातला नीट उजळलेला भाग उचलून तो एकजीव करतो. पण हललेल्या वस्तूंची भुतं होतात. काकू सहा हातांनी तांदूळ निवडत होती. पायाशी मांजराचं डोकं उंबऱ्यावर, शेपूट चुलीपाशी आणि मधे नुसतं धूसर मांजरपण. मग काकूच्या मांडीवर जप करायला माळ दिली आणि डोळे मिटायला सांगितलं. ती बसली, मांजर हाकललं, आणि काकू, घंगाळ, फणस, आमसुलं सगळी एका चौकटीत आली.

मी ऐटीत फोटो दाखवला. काकूने चष्मा पुसून पाहिला.

"यात विशेष ते काय? मला तर हे रोज असंच दिसतं!"

एवढी मोठी शाबासकी मला आजवर मिळालेली नाही.

घर गेलं. काकू आता ठाण्याला आमच्याकडे असते. इथल्या खिडकीतून समोरच्यांची खिडकी दिसते. म्हणून तो फोटो तिच्या खाटेसमोर लावलाय. दुपारी ती त्याच्याकडे पाहते आणि मला हाक मारते, "अरे, ऊन उतरायला लागलं. आमसुलं आत घ्यायला हवीत."

मी "हो" म्हणतो.