बोरनहाण किती वाजता?

यंदा संक्रांत ते रथसप्तमी हा काळ फारच आखूड होता. १४ ते २५ जानेवारी २०२६, बस्स! गेल्या वर्षी रथसप्तमी ४ फेब्रुवारीला होती, चांगले तीन आठवडे मिळाले होते. यंदा रविवार दोनच, त्यातल्या १८ तारखेला अमावास्या. विहीणबाईंनी फोनवरच "नको हो" म्हटलं. मग नातवाचं पहिलं बोरनहाण रथसप्तमीलाच ठरलं. तारखेचं भांडण मिटलं आणि वेळेचं सुरू झालं.

सूनबाईचं म्हणणं, साडेसहा. तेव्हा सगळे मोकळे असतात आणि हळदीकुंकूही त्यातच उरकतं. म्हणणं काही चुकीचं नव्हतं. पण मी वर्षानुवर्षं पहिली-दुसरीचे वर्ग घेतलेत. संध्याकाळचं लहान मूल काय चीज असते ते मला विचारा! पाहुण्यांच्या सोयीनं बक्षीस समारंभ सहाला ठेवला की आमची निम्मी पहिली बक्षीस घ्यायला आईच्या कडेवरून यायची, तीही रडत. असो.

आमचा नातू सव्वा वर्षाचा. एक ते तीन झोपतो. उठून दूध प्याला की चार ते साडेपाच स्वारी खुशीत. सहानंतर तो कुणाचाच नसतो. त्यात अंगावर काळं झबलं आणि हलव्याचे टोचणारे दागिने. शिवाय बोरं, शेंगा, हरभरे, उसाचे करवे असं सगळं जमिनीवर पसरणार. या वयाचं मूल हाती लागेल ते आधी तोंडात घालतं. शेंगदाणा नाहीतर बोराची बी घशात अडकायला किती वेळ लागतो? म्हणून डोक्यावर ओतायला नुसते चुरमुरे, बाकीचं मोठ्या मुलांच्या हातात द्यायचं आणि फरशी नीट दिसेल असा उजेड हवा. जानेवारीत साडेसहाच्या आत सूर्य मावळतो की आमच्या पुण्यात.

माझ्या मनातलं खरं कारण मात्र वेगळंच होतं. आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशींचा नातू चार वर्षांचा आहे. त्यांची संध्याकाळची तीन घरं साडेपाचला सुरू होतात. "अगं, साडेसहाला बोलावलं तर त्या कशा येणार?" एवढंच मी म्हटलं. सूनबाई थोडा वेळ गप्प राहिली, मग तिनंच ग्रुपवर 'चार वाजता' असं टाकलं. हळदीकुंकू दिवेलागणीला वेगळं. म्हणजे चहाचे दोन घाणे आणि दोनदा कपबश्या, ते सोडा.

जोडून सुट्टी आल्यामुळे दोन कुटुंबं गावाला गेलेली. तरी सात मुलं जमली. पहिलं माप डोक्यावर पडताच नातवानं भोकाड पसरलं, दुसऱ्याला चक्क हसला. मावशींच्या नातवानं शर्टाची झोळी करून सगळं गोळा केलं. पाच वाजून गेल्यावर मावशी उठल्या, हा काही उठेना.

"राहू दे त्याला, जाताना न्या."

"बरं बाई, पण चड्डीचे खिसे तेवढे बघा हो. बोरं धुण्यात जातात याची."