ठेका धरताना

तबल्याच्या साथीला बसलो की माझं निम्मं काम कानांचं असतं. विलंबित एकतालाच्या मात्रा १२, पण लय संथ ठेवली की एकेका मात्रेच्या पोटात चार चार भाग मनात मोजत आवर्तन पुरं करावं लागतं. एका ‘धिं’पासून पुढच्या ‘धिं’पर्यंतची जागा गाणाऱ्याची. ती मी बोलांनी भरून टाकली तर त्याला श्वास घ्यायला वाव राहत नाही. लय ढिली पडली तर त्याचं सारं लक्ष मात्रांकडे लागतं, राग बाजूला राहतो.

नवखी गायिका पहिली काही आवर्तनं सारखी माझ्या हातांकडे बघते. तेव्हा मी दहाव्या मात्रेचा ‘तिरकिट’ थोडा ठसठशीत वाजवतो, म्हणजे सम जवळ आल्याचं तिला न बघता कळतं. मुखडा दोनदा नेमका समेवर आला की ती बघायचं थांबते. मग तिचा गळा खुलतो. मारव्याच्या कोमल रिषभावर ती अशी रेंगाळते, की घरच्या रियाजात हे धाडस तिने केलं नसतं, असं मला ठामपणे वाटतं. सम सापडेल याची खात्री असल्याशिवाय कुणी इतकं लांब जात नाही.

उस्ताद अमीर खाँ अतिविलंबित झुमरा गायचे, मात्रा १४, आणि तबल्याकडून त्यांना साधा, स्थिर ठेकाच हवा असे. अहमदजान थिरकवाँ तर स्वतंत्र वादनाचे सम्राट. तरी गंधर्व नाटक मंडळीत त्यांनी बालगंधर्वांच्या पदांना साथ केली. साथीला दुय्यम मानणाऱ्यांनी हे जरूर आठवावं.

मलाही गाणाऱ्यांकडून फार मिळालं. डग्ग्यावर मनगटाचा दाब किती द्यायचा, आस कुठवर लांबवायची, हे गुरुजींनी दाखवलं होतंच. पण मींड ऐकता ऐकता तो दाब हातात मुरला. एकट्याने कायदे घोटून माझा बाया इतका गोड झाला नसता.

म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना मी सुरुवातीपासूनच गाणाऱ्या मुलांसोबत बसवतो. फक्त ठेका, तिहाई नाही, तुकडा नाही. पोरं कंटाळतात, चुळबुळतात. परवा मात्र त्यातल्या एकाने हात थांबवून गाणाऱ्या मुलीला सांगितलं, “ताई, मुखडा परत घे ना, तू श्वास कुठे घेतेस ते मला ऐकायचंय.”