मातेरा

युरोप म्हटलं की आपल्या लोकांची यादी ठरलेली. पॅरिस, स्वित्झर्लंड आणि सुट्टी उरलीच तर रोम. दहा दिवसांत सात देश, फोटो हजार! मी म्हणतो, एकदा दक्षिण इटलीतल्या मातेराला जाऊन या. बारीहून छोट्या ट्रेनने दीड-दोन तासांत पोचता.

दरीच्या कडेला चुनखडीत कोरलेली घरं, एकाचं छप्पर तोच दुसऱ्याचा रस्ता. यांना म्हणतात सास्सी. १९५० च्या सुमारापर्यंत इथे एकेका खोलीत आख्खं कुटुंब राहायचं, सोबत खेचर आणि कोंबड्या. त्यात मलेरिया. नावाप्रमाणेच मातेरं झालं होतं म्हणा ना. कार्लो लेवीच्या १९४५ सालच्या पुस्तकाने ही हलाखी देशापुढे आणली. १९५२ मध्ये कायदा झाला आणि सुमारे १५,००० माणसं नव्या वस्त्यांत हलवली गेली. गुहा ओस पडल्या. आणि गंमत बघा, १९९३ मध्ये त्याच युनेस्कोच्या यादीत आल्या, २०१९ मध्ये गाव युरोपची सांस्कृतिक राजधानी!

आता त्यातल्या कित्येक गुहांत हॉटेलं आहेत. तिथल्या मऊ गादीवर पडलं की प्रश्न पडतो, कुणाच्या तरी गरिबीत आपण पैसे मोजून झोपतोय का? मला उत्तर सापडलेलं नाही. पण तिथे एका जुन्या घराचं, खेचरासकट मांडलेलं, म्युझियम आहे, 'कासा ग्रोत्ता'. ते आधी बघावं, हॉटेलात मग जावं. एवढा क्रम पाळला तरी पुष्कळ झालं.