डिकीतला पखवाज

पहिल्या पगारातून शिरूरला गाडीत बारा इंची सबवूफर बसवला. पोर्टचा बॉक्स, वर ठळक '1200 वॅट', खाली बारीक अक्षरात 'आरएमएस 300'. चालतो तो 300 वरच, 1200 क्षणभराचा. डीजेच्या गाण्यांवर नंबरप्लेट खडखडायची, मित्र खूश.

दौंडला घरी गेलो. वडलांना, म्हणजे अण्णांना, गाडीत बसवून त्यांच्या भजनी मंडळाचं सप्ताहातलं जुनं रेकॉर्डिंग लावलं. पखवाज अण्णांचा. आता हात कापतो, वाजवत नाहीत. थोडं ऐकून म्हणाले, "हा मी नव्हे. माझ्या डाव्या पुडीला कणीक असायची. इथं नुसतं पोतं बडवतायत."

खरंच होतं. पोर्ट ज्या सुराला जुळवलेला असतो, तिथं बॉक्स फुगतो आणि थाप संपली तरी घुमत राहतो. (नुसता दणका हवा असेल, तर तोच घ्या.) महिन्याभरानं 18 मिलिमीटर एमडीएफचा बंद बॉक्स करून घेतला. दणका गेला, मित्रांनी नाकं मुरडली.

अण्णांना शिरूरला आणताना न्हावऱ्याजवळ उसाच्या ट्रॉलीमागं अडकलो. तेच भजन लावलं. त्यांची बोटं मांडीवर चालू लागली, मग एका जागी थांबली.

"इथं चुकलो होतो मी. परत लाव."